मगरीच्या पोटातलं दप्तर

आधी थोडं बाबांबद्दल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा रिटायर्ड तलाठी. सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात, त्यातली बरीच वर्षं अक्कलकोट तालुक्यात, म्हणून कानडीही येतं. घरात १९८० सालापासूनची लाइट बिलं आहेत, दोऱ्यानं बांधलेली, वर्षवार. मी लॉकडाउनमधे ऑनलाइन एक पपायरसचा (इजिप्तमधला झाडाच्या गराचा जुना कागद) कोर्स केला होता, तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा इजिप्तला जायचं आणि पिरॅमिड नाही तर ही कागदपत्रं जिथे सापडली ती गावं बघायची. बरोबर यायला कुणी तयार नव्हतं. बाबांना म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वीचे शेतसाऱ्याचे कागद आहेत, तर म्हणाले पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात.

दिवस पहिला – कैरो

सकाळी पोचलो, हॉटेलात सामान टाकलं आणि दुपारी तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममधे. सोन्याबिन्याचं सगळेच लिहितात, ते सोडते. मला वरच्या मजल्यावरची फायूम भागातली पोर्ट्रेट्स बघायची होती, ममीच्या तोंडावर बांधायच्या लाकडी फळ्यांवर रंगवलेले चेहरे, रोमन काळातले. मोठाले डोळे, कानात मोत्याचे डूल, एकाची नुकतीच मिसरूड फुटलेली. बाबा एका बाईपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ही अगदी आपल्या कुरनूरच्या पोस्टमास्तरीणबाईंसारखी दिसते.

मग तिथल्या बाकावर बसून मी त्यांना बॅकग्राउंड दिली कारण त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता, इजिप्तमधे ग्रीक कागद कसे? तर इ.स.पू. ३३२ मधे अलेक्झांडर आला, तो गेल्यावर त्याचा सेनापती टॉलेमी आणि त्याचे वंशज राजे झाले, ते थेट क्लिओपात्रापर्यंत. इ.स.पू. ३० मधे रोमन आले पण त्यांनीही ऑफिसची भाषा बदलली नाही, ग्रीकच ठेवली. म्हणजे सामान्य माणूस घरात इजिप्शियन बोलणार आणि अर्ज मात्र ग्रीकमधे करणार, असं जवळजवळ हजार वर्षं. बाबा म्हणाले आमच्याकडे घरात कानडी, चावडीत मराठी आणि कोर्टात इंग्रजी, तसंच की. तसंच.

झेनॉनची गोष्टही इथेच सांगितली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात दुसऱ्या टॉलेमीचा अर्थमंत्री अपोलोनिऑस, त्याची फायूममधे मोठी शेतीवाडी, आणि तिचा मॅनेजर हा झेनॉन. याची सवय म्हणजे आलेला एकही कागद टाकायचा नाही. दोन हजाराच्या आसपास कागद सापडलेत, बरेच याच म्युझियमकडे आहेत. त्यात एका उंटवाल्याचा अर्ज आहे, की मला पगार देत नाहीत, दिली तर हलकी दारू देतात, कारण मी परका आहे, मला ग्रीकांसारखं वागता येत नाही. आणि देवळातल्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या दोन सेवकांचा अर्ज, की राजानं आम्हाला सक्तीच्या कामातून सूट दिलेली असताना आम्हाला कापणीला लावलं, मग विटा पाडायला लावलं. बाबांनी विचारलं, अर्जावर शेरा काय मारलाय? मला माहीत नव्हतं. शेरा नसलेला अर्ज सांगू नकोस म्हणाले.

रात्री कोशरी खाल्ली. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट पाणी. हा शब्द आपल्या खिचडीवरून आला असं म्हणतात. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

दिवस दुसरा – गिझा

पिरॅमिड पाहिले. मोठे आहेत.

येताना ड्रायव्हरनं न विचारता एका पपायरसच्या दुकानात नेलं (कमिशन, उघड आहे). पण डेमो चांगला होता. लव्हाळ्याच्या जातीचं हे झाड, दांडा तिकोनी. हिरवी साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या काढायच्या, एक थर उभा एक थर आडवा असा ठेवायचा आणि दाबून वाळवायचा. डिंक लागत नाही, गराच्याच रसानं चिकटतं. उजेडात धरलं की उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते. रस्त्यावर जे स्वस्तात मिळतं ते केळीच्या पानाचं, दुमडलं की तडकतं. बाबांनी मला वाटलं होतं तसं तुतनखामेनचं चित्र घेतलं नाही, कोरा तुकडा मागितला. दुकानदार म्हणाला कोरा कुणी घेत नाही. मग चित्राच्याच भावात कोरा दिला, यावर माझं आणि त्याचं वाजलं, पण बाबा खूश.

दिवस तिसरा – करानिस

सकाळी लवकर निघून फायूमकडे. कैरो सोडलं की वाळवंट आणि मग एकदम हिरवं, शेतं, खजुरी, गाढवाच्या गाड्या. फायूम म्हणजे वाळवंटातला एक मोठा खळगा, त्यात नाईलचं पाणी कालव्यानं आणलेलं, खाली कारून तलाव. करानिसला आज कोम औशीम म्हणतात, रस्त्याला लागूनच आहे, बाजूला छोटं म्युझियम. मिशिगन युनिव्हर्सिटीनं १९२४ ते १९३५ खोदलं हे.

देवळं दोन आहेत, त्यातलं एक मगरीच्या देवांचं, पण मला घरं बघायची होती. मातीच्या विटांच्या भिंती अजून उभ्या, कोनाडे, जिने, तळघरं. गावाच्या मधोमध मात्र मोठा खड्डा. कारण म्हणजे सेबाख. जुन्या वस्तीची कुजलेली माती हे उत्तम खत, एकोणिसाव्या शतकापासून लोक ती खणून शेतात टाकत होते, गावंच्या गावं अशी गेली, त्यात किती कागद गेले देव जाणे. मला वाईट वाटत होतं तर बाबा म्हणाले, पांढरीची माती आमच्याकडेही नेतात, शेतकऱ्याला पीक महत्त्वाचं का तुझे कागद?

इथल्या एका घराच्या जिन्याखाली पत्रांचा गठ्ठा सापडला. इ.स. दुसऱ्या शतकाची सुरुवात, क्लॉडिअस तेरेंतिआनुस नावाचा पोरगा अलेक्झांड्रियात आरमारात भरती झालाय आणि घरी तिबेरिआनुसला लिहितोय, त्याला बाबा म्हणतो. काही पत्रं लॅटिनमधे काही ग्रीकमधे. हे पाठवा, ते पाठवा. जिन्याखालचा कोनाडा म्हणजे आपल्याकडे पत्र्याची ट्रंक जशी असते तशी जागा असणार, आणि मी तिथल्या जिन्यांजवळ जाऊन प्रत्येक ठिकाणी वाकून बघत होते, सिक्युरिटीवाला हसायला लागला.

मग एका भिंतीच्या सावलीला बसून बाबांना दुसरं पत्र वाचून दाखवलं, मोबाइलमधे मराठी करून ठेवलं होतं. हा कागद आज बर्लिनमधे आहे. अंतोनिअस लाँगस म्हणून मुलगा आईला लिहितो, नीलूस तिचं नाव. करानिसला यायची लाज वाटली, कारण माझी अवस्था घाण आहे, अंगावर धड कपडे नाहीत. आई, पाया पडतो, माझ्याशी समेट कर. चूक माझी आहे, मला चांगला धडा मिळालाय. पुढे कागद फाटलाय, पण त्यातून एवढं कळतं की त्याच्या कर्जाबद्दल कुणीतरी तिला सगळं सांगून टाकलंय. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, आईनं ठेवलं का ते पत्र? म्हटलं ठेवलं असणार, म्हणून तर मिळालं ना. तर म्हणाले, ठेवलं म्हणून मिळालं का टाकलं म्हणून मिळालं ते तुला कसं माहीत.

दुपारनंतर मूड एकदम बदलला कारण मी त्यांना पावत्या दाखवल्या. फोटो होते, भाषांतरं होती. रोमन काळात चौदा वर्षांवरच्या पुरुषांना डोईपट्टी, दर चौदा वर्षांनी घरोघर जनगणना, आणि माणसाची ओळख पटवायला वय आणि अंगावरचा व्रण. ‘वय सुमारे ४०, डाव्या नडगीवर वण.’ बाबा उडालेच, ओळखखूण! खाली सही करता येत नसेल तर दुसरा लिहितो, ‘अमुक निरक्षर असल्यानं त्याच्या वतीनं मी लिहिलं.’ निशाणी डावा अंगठा, फक्त अंगठा नाही. आणि कालव्यावर पाच दिवस काम केल्याचा दाखला, प्रत्येकाला वर्षाला सक्तीचं. बाबा म्हणाले ७२च्या दुष्काळातलं मस्टर हे. म्हटलं तुमच्याकडे मजुरी मिळायची, इथे फुकट. मग वेठ, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

दिवस चौथा – तेब्तुनिस

या दिवसासाठीच खरं तर सगळा खटाटोप. फायूमच्या दक्षिण टोकाला, आजचं नाव उम्म अल-बरागात. शेवटचा रस्ता वाईट, कालव्याच्या कडेनं, ड्रायव्हर दोनदा चुकला, परवानगीच्या कागदावरून एका चौकीत पाऊण तास गेला, त्यात बाबांनी तिथल्या कारकुनाचं रजिस्टर उलटं वाचायचा प्रयत्न केला.

सोक्नेब्तुनिस म्हणजे इथला मगरदेव. देवळाचे अवशेष आणि त्याच्यापुढे लांब फरसबंद मिरवणुकीचा रस्ता. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट इथे खणत होते, खर्च कॅलिफोर्नियाच्या फीबी हर्स्ट बाईंचा. ममी शोधत होते तर निघत होत्या मगरीच मगरी, पुरलेल्या, कापडात गुंडाळलेल्या. जानेवारी १९०० मधे एका मजुरानं वैतागून एक मगर फोडली, आणि आतून कागद! रद्दीचे पपायरस मगरीभोवती गुंडाळलेले, पोटात बोळे कोंबलेले. त्यानंतर अर्थात प्रत्येक मगर फोडली गेली. हे सगळं आज बर्कलीला आहे, २६,००० वर तुकडे.

आणि त्या मगरींत सापडलं एका तलाठ्याचं दप्तर. मी हे मुद्दाम इथवर राखून ठेवलं होतं.

मेन्खेस, केर्केओसिरिस गावचा कोमोग्रामातेउस. कोमे म्हणजे गाव, ग्रामातेउस म्हणजे लिहिणारा. इ.स.पू. ११९ मधे त्याची पुन्हा नेमणूक झाली, तो कागद आहे. त्यासाठी त्यानं ५० अर्ताबा (धान्याचं माप) गहू आणि ५० अर्ताबा कडधान्य द्यायचं कबूल केलंय, शिवाय गावची १० अरुरा पडीक जमीन, म्हणजे सात एकराला थोडी कमी, स्वतःच्या खर्चानं लागवडीखाली आणून दरवर्षी ५० अर्ताबा सरकारला भरायचे. बाबा मोठ्यानं हसले, एवढे की गार्ड बघायला आला. म्हणाले, बदलीचा रेट तेव्हापासून आहे का!

मेन्खेसच्या कागदात काय आहे तर गावच्या जमिनीचा हिशोब. कुठली राजाची, कुठली देवळाची, कुठली शिपायांना इनाम, कुठली पाण्याखाली, कुठली खारवट. कुणी गहू पेरला, कुणी मसूर, कुणी जव. राजाच्या कुळांना पेरणीला बी उसनं दिलं त्याच्या नोंदी. बाबांनी एकेक शब्द भाषांतर करत टाकला, पीकपाणी, इनामवर्ग, पोटखराबा, तगाई. मला कोर्समधे प्रोफेसरनी हे सहा आठवडे शिकवलं होतं. बाबांना पंचवीस मिनिटं लागली, आणि वर मलाच विचारलं, आकार (म्हणजे सारा) कसा बसवायचे, पुराच्या पाण्यावर का जमिनीच्या प्रतीवर? दोन्हींवर, म्हटलं. बरोबर, असं म्हणाले, जसा काही मेन्खेसच हाताखाली आहे.

मेन्खेसवर एकदा विषप्रयोगाचा आळही आला होता आणि त्यातून तो सुटला. बाबा म्हणाले गावातलं राजकारण, कुणाच्या तरी बांधाचं प्रकरण असणार. (कागदात बांधबिंध काही नाही, हे माझं नाही.)

पण सगळ्यात भारी कागद दौऱ्याचा. इ.स.पू. ११२, मार्च महिना. रोमचा सिनेटर ल्युकिअस मेमिअस अलेक्झांड्रियाहून फायूम बघायला येतोय, म्हणून वरून पत्र आलंय: मोठ्या थाटात स्वागत करा, ठिकठिकाणी उतरायच्या जागा आणि धक्के तयार ठेवा, भेटवस्तू द्या, मगरींना भरवायचा खाऊ आणि भुलभुलैया बघायला लागणारं सगळं तयार ठेवा. हे पत्र फिरत फिरत मेन्खेसच्या दप्तरात. मगरीचा खाऊ कुठल्या हेडखाली टाकायचा हा बाबांचा प्रश्न, आणि मग एकेका मंत्र्याच्या दौऱ्याच्या गोष्टी, विश्रामगृहावर रात्री दोनला अंडी कुठून आणली वगैरे, त्या गोष्टी संपेपर्यंत ऊन उतरलं.

अजून एक आठवला म्हणून सांगितला, पेतौस. मेन्खेसनंतर तीनशे वर्षांनी, रोमन काळातला, फायूमचाच. हाही गावलेखक, पण धड लिहिता येत नव्हतं. एका कागदावर यानं आपली सहीची ओळ गिरवलीय, ‘मी पेतौस, गावलेखक, सादर केलं’, पुन्हा पुन्हा, बारा वेळा. मधे एका ओळीत एका शब्दाचं पहिलं अक्षर सुटलंय आणि पुढे तसंच चुकीचं लिहीत गेलाय. आणि शेजारच्या गावलेखकाची तक्रार आली, की तो निरक्षर आहे, तर या पेतौसनंच कळवलं, नाही, निरक्षर कसा, त्याला सही करता येते! यावर बाबा हसले नाहीत. म्हणाले, आमच्या सर्कलमधे एक होता, त्याचं मी लिहून द्यायचो. बिचारा.

दिवस पाचवा

मिन्याकडे प्रवास. नाईलच्या कडेनं दक्षिणेला, ऊस, ट्रॅक्टर, ऊस. बाबांचं पोट बिघडलं, कोशरीचा दोष नाही, लिंबू-सरबतातल्या बर्फाचा. दिवसभर हॉटेल.

दिवस सहावा – बहनसा

बाबा म्हणाले मी ठीक आहे, चेहरा ठीक नव्हता. हॉटेलवाल्यानं पोलिसांना कळवलं होतं त्यामुळे पुढे एक पोलीस पिकअप, मागे आम्ही, एकदम व्हीआयपी. बाबा म्हणाले, मेमिअस.

बहनसा म्हणजे जुनं ऑक्सिऱ्हिंकस, ‘टोकदार नाकाचा’ असा अर्थ, एका माशावरून नाव. तो मासा इथे पवित्र. प्लुटार्क या ग्रीक लेखकानं लिहिलंय की शेजारच्या गावात कुत्रा पवित्र होता, त्यांनी हा मासा खाल्ला म्हणून इथल्यांनी कुत्रे धरून खाल्ले आणि मग मोठी मारामारी झाली. आज गावात घुमटच घुमट, अरब विजयाच्या वेळी पडलेल्या लोकांच्या कबरी मानतात, लोक बसनं जियारतीला येतात. ग्रीक गावातलं उभं असं फार नाही, एक एकटा खांब आणि मग टेकाडं. टेकाडं म्हणजे उकिरडे.

हेच तर आहे सगळं. अलेक्झांड्रियात ओल, तिथले कागद कुजून गेले. इथे पाऊस नाही आणि कचऱ्याचे ढीग पाण्याच्या पातळीच्या वर, काही तीस फूट उंच. त्याच ग्रेनफेल-हंटनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात खणायला सुरुवात केली आणि १९०७ पर्यंत सहा सीझन खणलं. काड्यामातीचा जो भुसभुशीत थर असतो त्याला मजूर अफ्श म्हणायचे, अफ्श लागलं की कागद लागणार. पाच लाखाच्या आसपास तुकडे ऑक्सफर्डला गेले, पत्र्याच्या डब्यांतून. पहिला खंड १८९८ मधे आला, ऐंशीच्या वर झाले, अजून बहुतेक ढीग वाचायचाच आहे. बाबांना हे पटेना. वाचायला माणसं नाहीत? म्हटलं पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी वाचायला किती आहेत? मग गप्प.

टेकाडावर पायाखाली खापरं कर्रकर्र वाजतात. तिथे बसून एकेक काढलं. छोट्या थेऑनचं पत्र बापाला: मला न घेता शहरात गेलात, छान केलंत! अलेक्झांड्रियाला नेलं नाहीत तर पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, आई म्हणते हा वैताग आणतो, घेऊन जा याला. एक वाद्य पाठवा, नाहीतर जेवणार नाही, पिणार नाही. बस्स! शुद्धलेखन भयंकर आहे म्हणे. इ.स. १८२ चा पंचनामा: उत्सवात चिपळ्या वाजवत नाचणाऱ्या बायका बघायला आठ वर्षांचा गुलाम मुलगा माडीवरून वाकला आणि पडून मेला. इ.स. २६७ चा करार: पैलवान देमेत्रिअसनं फायनलला तीनदा पडायचं, ३,८०० द्राख्मा मिळतील. लेखी करार, फिक्सिंगचा! बाबा म्हणाले स्टॅम्पपेपरवर केला नाही हे नशीब.

मग हिलारिऑनचं. इ.स.पू. १, जून. अलेक्झांड्रियात कामाला गेलेला, बायको आलिसला लिहितो, तिला ‘बहीण’ म्हणतो, तशी पद्धतच होती. काळजी करू नकोस, लहानग्याकडे लक्ष दे, पगार झाला की लगेच पाठवतो. बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. आणि लगेच पुढच्या ओळीत, तू निरोप धाडलास की मला विसरू नका, मी तुला कसा विसरेन? काळजी करू नकोस गं.

हे मी वाचून दाखवायचं नाही ठरवलं होतं, पण मोबाइल त्यांच्या हातात होता आणि त्यांनीच वाचलं. वाचून मोबाइल परत दिला आणि पाणी मागितलं. आम्ही तिघी बहिणी आहोत.

परत येताना गाडीत मूड हलका करायला नाटकाचं काढलं. इथल्याच ढिगात एक प्रहसन सापडलंय, खरितिऑन नावाची ग्रीक पोरगी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अडकलेली, तिला सोडवायला भाऊ येतो आणि राजाला दारू पाजून सगळे पळतात. राजा आणि त्याची माणसं जे बोलतात ते ग्रीक नाही. १९०४ मधे हुल्त्श नावाच्या जर्मन विद्वानानं म्हटलं की ही कानडी आहे. बऱ्याच जणांना पटत नाही, नुसती बडबड आहे म्हणतात. एक ओळ त्यानं अशी लावली, ‘बेरे कोंच मधु पात्रक्के हाकी’. बाबा पुढच्या सीटवरून वळले. वेगळी थोडी दारू भांड्यात घालून. एकदम सरळ आहे की! म्हटलं हे त्यानं ओढूनताणून बसवलेलं, मूळ ग्रीक अक्षरं जरा वेगळी आहेत. असू दे, हाकी म्हणजे घालूनच. मग पोलिसांच्या पिकअपमागून मिन्यापर्यंत बाबा कानडीत काहीबाही म्हणत होते आणि ड्रायव्हरला वाटलं तब्येत परत बिघडली.

दिवस सातवा आणि विमान

कैरोला परत, खरेदी, खजूर, रात्रीची फ्लाइट. बाबांनी सगळी तिकिटं, पावत्या, हॉटेलची बिलं, कोशरीचं बिलसुद्धा, प्लास्टिकच्या पिशवीत तारखेवार लावलं होतं आणि वर तो कोरा पपायरस. सिक्युरिटीला पिशवी उघडली तेव्हा तिथल्या पोरानं कोरा तुकडा उलटसुलट करून बघितला, चित्र कुठाय म्हणून.

मुंबईला उतरताना झोपेतून उठून विचारतात, त्या मेन्खेसचा चार्ज कुणी घेतला?

रोमिंग बंद होतं, बाहेर टॅक्सीत बसल्यावर शोधून सांगितलं, पेतेसूखोस म्हणून होता, मार्रेसचा मुलगा.

‘मग चार्ज देताना दप्तराची यादी केली असेल ना?’

म्हटलं, बाबा, कागद मगरीत गेले.

‘म्हणजे यादी केली नाही,’ म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून परत झोपले.